वडिलांकडून, आणि आईकडूनही

अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड दरीत, ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेली एक प्रचंड तिजोरी आहे. ती 1960च्या दशकात बांधून झाली. आत सोनंनाणं नाही. आहेत ती मायक्रोफिल्मची रिळं आणि त्यांवर देशोदेशीच्या माणसांच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी. मॉर्मन पंथाची अशी श्रद्धा आहे की हयात वंशजांनी आपल्या मृत पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्म्याचा विधी केला, तर त्या पूर्वजांनाही मुक्तीची वाट खुली होते. त्यासाठी आधी पूर्वजांची नावं ठाऊक हवीत. म्हणून 1894पासून त्यांची वंशावळ संस्था नावं गोळा करते आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही छायाचित्रं तिने घेतली आहेत.

प्रोस्टेटचा कॅन्सर घराण्यात उतरतो का, या प्रश्नाचं पहिलं ठाम उत्तर याच यूटातून आलं. तिथे नातेवाइकांचा माग काढणं इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा सोपं होतं. 1960 साली आनुवंशिकीचे अभ्यासक चार्ल्स वुल्फ यांनी या कॅन्सरने दगावलेल्या 228 पुरुषांची यादी केली. मग त्यांचे वडील आणि भाऊ कशाने गेले, हे मृत्यूच्या दाखल्यांवरून तपासलं. तुलनेसाठी दुसऱ्या कारणांनी गेलेल्या पुरुषांचेही वडील-भाऊ घेतले. पहिल्या गटात प्रोस्टेटच्या कॅन्सरचे मृत्यू तिप्पट निघाले. चार वर्षं आधी इटलीतल्या मोर्गांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही रुग्णांच्या नात्यात हा आजार जास्त दिसतो असं नोंदवलं होतं. दोन्ही निबंध वैद्यकीय ग्रंथालयांत पडून राहिले. लक्ष दिलं ते मोजक्यांनीच.

या दुर्लक्षाचं कारण त्या आजाराच्या स्वभावातच आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली पुरुषांची ग्रंथी. तिचा कॅन्सर म्हातारपणाचा. सत्तरी-ऐंशीत इतर कारणांनी वारलेल्या पुरुषांचं शवविच्छेदन केलं तर कितीतरी जणांच्या प्रोस्टेटमध्ये त्याचा छोटासा ठिपका सापडतो, ज्याने त्यांना जन्मभर काही त्रास दिलेला नसतो. इतक्या सर्रास आढळणाऱ्या आजाराला घराण्याचा आजार कोण म्हणेल? शिवाय लघवीच्या तक्रारी पुरुष घरात बोलून दाखवत नाहीत. बाप कशाने गेला हे मुलालाच नीट माहीत नसतं. ‘वयोमानानुसार’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं.

यूटातच पुढचं पाऊल मार्क स्कोल्निक यांनी टाकलं. त्यांनी आधी इटलीत पार्मा खोऱ्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांवर काम केलं होतं. 1970च्या दशकात त्यांनी मॉर्मन वंशावळी संगणकावर घेतल्या आणि राज्याच्या कॅन्सर नोंदणीशी जोडल्या. आपल्याकडच्या घराण्यांचे कुलवृत्तांत एखाद्या इस्पितळाच्या केसपेपरांना जोडावेत, तसं हे काम. 1982 साली त्यातून जे निघालं ते पाहून कॅन्सरचे डॉक्टर चकित झाले. एकाच कुळात दाटीने आढळणाऱ्या कॅन्सरांच्या क्रमात ओठ, मेलॅनोमा आणि अंडाशय यांच्या पाठोपाठ प्रोस्टेट चौथ्या जागी होता. ज्याचं आनुवंशिकपण सगळे गृहीत धरत होते तो स्तनाचा कॅन्सर त्याच्या खाली होता.

पण आकड्यांनी वैद्यक हलत नाही, ते रुग्णाने हलतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पॅट्रिक वॉल्श हे नावाजलेले शल्यविशारद होते. प्रोस्टेट काढताना लैंगिक क्षमतेच्या नसा वाचवणारी शस्त्रक्रिया त्यांनीच 1982मध्ये रूढ केली. त्यांच्याकडे एक 49 वर्षांचा रुग्ण आला. त्याचे वडील, वडिलांचे तिन्ही भाऊ आणि आजोबा, सगळे प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले होते. वॉल्श यांनी पाठ्यपुस्तकं चाळली. घराण्याबद्दल त्यांत जवळजवळ काही नव्हतं. मग त्यांनी आपल्या रुग्णांनाच विचारायचं ठरवलं.

या विचारण्याची पद्धत मला फार आवडते. ज्यांची शस्त्रक्रिया झाली अशा 691 पुरुषांना त्यांच्या वडिलांबद्दल आणि भावांबद्दल विचारलं, आणि तुलनेसाठी त्यांच्याच 640 बायकांना त्यांच्या माहेरच्या पुरुषांबद्दल. एकाच घरात राहणारी, एकाच ताटातलं जेवणारी, एकाच थरातली दोन माणसं. फरक फक्त रक्ताच्या नात्याचा. नवऱ्यांपैकी 15 टक्क्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालेला होता, बायकांच्या बाबतीत 8 टक्क्यांच्या. 1990 साली गॅरी स्टाइनबर्ग, वॉल्श आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. वडील किंवा भाऊ यांपैकी एकाला असेल तर धोका दुप्पट, जवळच्या दोघांना असेल तर पाचपट, तिघांना असेल तर अकरापट. दोन वर्षांनी याच कुटुंबांवरून त्यांनी आणखी पुढचं गणित मांडलं. एखादं विरळा पण प्रभावी जनुक असावं आणि ते ज्याच्याकडे असेल त्याला 85व्या वर्षापर्यंत कॅन्सर होण्याची शक्यता 88 टक्के असावी. एकूण रुग्णांत अशांचा वाटा 9 टक्के, पण पंचावन्नच्या आत आजारी पडणाऱ्यांत 43 टक्के.

या गणिताने पुढच्या वीस वर्षांची दिशा ठरवली, आणि काही अंशी चुकवलीही. एक जनुक असावं असं ते सांगत होतं, म्हणून सगळे एक जनुक शोधायला निघाले.

काळही तसाच होता. 1990मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरचं बीआरसीए1 हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवून दिलं होतं. 1994मध्ये ते हाती आलं, 1995मध्ये इंग्लंडमधल्या मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने बीआरसीए2 गाठलं. आता पाळी प्रोस्टेटची, असं सगळ्यांनाच वाटत होतं. हॉपकिन्सचे विल्यम आयझॅक्स, अमेरिकी सरकारच्या जीनोम केंद्रातले जेफ्री ट्रेंट आणि स्वीडनमधल्या उमेओचे हेन्रिक ग्रोनबर्ग यांनी मिळून 91 कुटुंबं निवडली. नोव्हेंबर 1996मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी जाहीर केलं की पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर एक जागा सापडली आहे. तिचं नाव ठेवलं एचपीसी1. वर्तमानपत्रांनी मथळे केले. जागा म्हणजे जनुक नव्हे, हे त्या मथळ्यांत कुठे नव्हतं. त्या पट्ट्यात पुष्कळ जनुकं होती आणि त्यांतलं नेमकं कोणतं ते कुणाला माहीत नव्हतं.

इतर प्रयोगशाळांनी आपापली कुटुंबं तपासली. काहींना थोडा पुरावा मिळाला, काहींना मुळीच नाही. दरम्यान फ्रान्समधून त्याच गुणसूत्रावरची दुसरी जागा आली, एक्स गुणसूत्रावरून तिसरी, मग विसाव्यावरून आणखी एक. दर वर्षाला नवं नाव. 2000 साली 772 कुटुंबांचा डेटा एकत्र केला, तेव्हा पहिल्या गुणसूत्रावरची ती गाजलेली जागा जेमतेम 6 टक्के कुटुंबांचा आजार समजावून देऊ शकत होती. 2005मध्ये 1,233 कुटुंबं एकत्र केली. तरीही बोट ठेवावं असं एकच जनुक दिसलं नाही.

असं का होत होतं? रुग्ण पासष्ट वर्षांचा. त्याचे वडील केव्हाच गेलेले, त्यांचं रक्त मिळत नाही. मुलगा पस्तिशीचा, त्याला कॅन्सर होईल की नाही हे कळायला तीस वर्षं थांबावं लागणार. राहिले फक्त भाऊ, म्हणजे वंशवृक्षाची एकच फांदी. त्यात अमेरिकेत पीएसए ही रक्तचाचणी कॅन्सर शोधण्यासाठी सर्रास वापरली जाऊ लागली, 1994मध्ये तिला त्यासाठी मान्यताही मिळाली, आणि निदानांचा पूर आला. एका घरात चार भाऊ आजारी निघाले तर त्यातल्या दोघांना तो वंशाने मिळालेला असे, उरलेल्या दोघांना नुसता वयाने. कोण कुठल्या गटातला, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नव्हतं.

या काळातली एक फसगत सविस्तर सांगायला हवी, कारण तिची शहानिशा ज्या सचोटीने झाली ती मला महत्त्वाची वाटते. 2002मध्ये ट्रेंट, आयझॅक्स आणि जॉन कार्प्टन यांनी एचपीसी1च्या जागेवर आरनेसएल नावाचं जनुक पुढे आणलं. हे जनुक पेशीत शिरलेल्या विषाणूंशी लढतं. लगेच तर्क निघाला: ज्याचं हे जनुक कमजोर, त्याच्या प्रोस्टेटमध्ये एखादा विषाणू ठाण मांडत असेल का? शोध सुरू झाला आणि 2006मध्ये खरोखरच एक नवा विषाणू सापडल्याचं जाहीर झालं. त्याचं नाव एक्सएमआरव्ही. या जनुकाची कमजोर प्रत आई-बाप दोघांकडून आलेल्या 20 पुरुषांपैकी 8 जणांच्या ऊतीत तो होता, इतर 66 जणांत फक्त एकाच्या. आनुवंशिकता आणि संसर्ग यांचा सांधा जुळला असं वाटलं. मग शंका येऊ लागल्या. 2011मध्ये दाखवून दिलं गेलं की हा विषाणू माणसाच्या शरीरात जन्मलाच नव्हता. 1990च्या दशकात एका रुग्णाची गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये वाढवताना उंदरांच्याच दोन विषाणूंचे तुकडे जोडले जाऊन तो तयार झाला होता, आणि त्या गाठीपासून केलेल्या पेशींबरोबर प्रयोगशाळांत पसरला होता. ज्यांनी विषाणू शोधला त्यांच्यातलेच लोक जुने नमुने पुन्हा तपासायला बसले, दूषितीकरण कुठून आलं ते त्यांनी स्वतः शोधून काढलं, आणि 2012मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला.

दरम्यान आइसलँडने निराळी दिशा दाखवली. तिथल्या डीकोड कंपनीने 2006मध्ये आठव्या गुणसूत्राच्या 8क्यू24 या भागातला एक बदल प्रसिद्ध केला. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या दुसऱ्या गटाने तोच भाग गाठला. गंमत अशी की तिथे जनुकच नव्हतं. ओसाड पट्टा होता. बऱ्याच अंतरावर असलेल्या एमवायसी या जनुकाची चावी तिथून फिरते, असं पुढे दिसलं. हा बदल सामान्य होता, लाखो लोकांत असणारा, आणि प्रत्येकाचा धोका किंचितच वाढवणारा. असे आणखी दहा, मग शंभर, मग शेकडो सापडले. 2021मध्ये एक लाख सात हजारांहून जास्त रुग्ण आणि एक लाख सत्तावीस हजार निरोगी पुरुष तपासून 269 जागा निश्चित झाल्या. वॉल्श यांच्या रुग्णांपैकी कित्येकांचा वारसा असाच होता: एका मोठ्या कर्जाचा नव्हे, अनेक लहान उधाऱ्यांचा.

मग ते एक विरळा, प्रभावी जनुक नव्हतंच का? होतं. पण ते सापडलं जुन्याच कुटुंबांत, नव्या यंत्राने.

मिशिगन विद्यापीठात कॅथलीन कूनी यांनी 1990च्या दशकापासून कुटुंबं जमवली होती. त्यांचा डोळा सतराव्या गुणसूत्राच्या एका भागावर होता. बीआरसीए1 तिथेच असल्यामुळे आधी संशय त्याच्यावर गेला. तपासलं, तर त्यात बदल क्वचितच. तरी त्या भागाचा माग त्यांनी सोडला नाही. हॉपकिन्सची कुटुंबंही तिकडेच बोट दाखवत होती. डीएनए वाचणारी नवी यंत्रं आली तेव्हा दोन्हींकडचे मिळून 94 रुग्ण निवडले, प्रत्येक जण वेगळ्या कुटुंबातला, आणि त्या पट्ट्यातली दोनशेहून जास्त जनुकं एकेक अक्षर वाचून काढली. चार जणांत एकच बदल दिसला. एचओएक्सबी13 या जनुकापासून 284 अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. त्यातल्या 84व्या जागी ग्लायसिन असायला हवं, तिथे ग्लुटॅमिक आम्ल होतं. डीएनएच्या भाषेत ‘जी’ऐवजी ‘ए’, एवढंच. गर्भात प्रोस्टेट घडवणाऱ्या आणि पुढे आयुष्यभर तिच्या पेशींना ताळ्यावर ठेवणाऱ्या जनुकातलं एक अक्षर.

मग त्या चारही कुटुंबांतल्या, डीएनए उपलब्ध असलेल्या प्रत्येक आजारी पुरुषाचं जनुक पाहिलं. 18 पुरुष. अठराच्या अठरांत तो बदल होता. ही मंडळी आपले नमुने देऊन दहा-पंधरा वर्षं उत्तराची वाट पाहत होती. त्यांतले काही उत्तर येईपर्यंत राहिले नसतील. या पूर्ण इतिहासात मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं थांबणं. युरोपीय वंशाच्या 5,083 रुग्णांत तो बदल 72 जणांत निघाला, निरोगी 1,401 जणांत फक्त एकात. जानेवारी 2012मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निबंध छापला. पुढच्या वर्षी जगभरची 2,443 कुटुंबं तपासली, त्यांपैकी 112मध्ये बदल होता, सगळी युरोपीय वंशाची. फिनलंडच्या कुटुंबांत तर 22 टक्क्यांहून जास्त. चीनमध्ये त्याच जनुकात निराळा, प्रथिनाच्या 135व्या जागेचा बदल सापडला. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत अगदी शेवटच्या टोकाचा.

आतापर्यंत ही गोष्ट बाप, भाऊ, चुलते यांची झाली. अर्धी गोष्ट बायकांकडून येते, आणि ती समजायला सर्वांत जास्त उशीर झाला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच आइसलँडच्या संशोधकांच्या ध्यानात आलं होतं की स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या भावांत आणि वडिलांत प्रोस्टेटचा कॅन्सर जास्त दिसतो. तिथे बीआरसीए2चा एकच जुना बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. 2007मध्ये लोफी ट्रिग्वादोत्तिर यांनी 527 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी 30 जणांत तो बदल होता. बदल नसलेल्यांचं निदानानंतरचं मध्यम आयुर्मान 12.4 वर्षं. बदल असलेल्यांचं 2.1 वर्षं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा तपासून पाहिले होते. ‘प्रोस्टेटचा कॅन्सर सावकाश वाढतो, म्हातारा माणूस दुसऱ्याच कशाने तरी जातो’ हा दिलासा सगळ्यांना लागू नाही, हे त्यांतून कळतं.

2016मध्ये कॉलिन प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी शरीरात इतरत्र पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर असलेले 692 पुरुष तपासले. 11.8 टक्क्यांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत जन्मजात बिघाड होता. सर्वांत जास्त बीआरसीए2मध्ये, 5.3 टक्के. आणखी एक गोष्ट पुढे आली, जी डॉक्टरांच्या विचारण्याच्या सवयीलाच धक्का देणारी होती. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता की नाही, यावरून बिघाड असणारे आणि नसणारे वेगळे काढता येत नव्हते. मात्र बिघाड असलेल्यांपैकी 71 टक्क्यांच्या अगदी जवळच्या नातेवाइकांत दुसरा एखादा कॅन्सर होता. बिघाड नसलेल्यांत हे प्रमाण 50 टक्के होतं. म्हणजे सुगावा आईच्या स्तनात, बहिणीच्या अंडाशयात होता, आणि फॉर्मवर प्रश्न फक्त बापाचा.

हे कळण्याचा उपयोग आता नुसता चिंता करण्यापुरता नाही. ज्या पेशीत बीआरसीए2 निकामी, तिची डीएनए दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते. ओलापारिब हे औषध दुसरी वाट बंद करतं आणि कॅन्सरची पेशी मरते. 2015मध्ये लंडनच्या योहान द बोनो यांच्या गटाने इतर उपचार थकलेल्या रुग्णांना ते दिलं. दुरुस्तीच्या जनुकांत बिघाड असलेल्या 16 जणांपैकी 14 जणांना गुण आला. मे 2020मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी मिळाली. बायकांच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध पुरुषांना लागू पडलं, कारण वारसा एकच होता.

लहान उधाऱ्यांची बेरीजही आता इस्पितळाच्या दारापर्यंत आली आहे. लंडनच्या रॉस ईल्स यांनी 55 ते 69 वयाच्या पुरुषांची लाळ मागवली, 130 जागा पाहून प्रत्येकाचा धोका मोजला आणि सर्वाधिक धोक्याच्या दहा टक्क्यांना एमआरआय आणि बायोप्सीला बोलावलं. 468 जण आले, 187 जणांत कॅन्सर निघाला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार उपचारांचा विचार करावा अशा दर्जाचा होता, आणि त्यांतलेही बहुतेक नेहमीच्या पीएसए-एमआरआयच्या वाटेने हाती लागले नसते. निष्कर्ष एप्रिल 2025मध्ये आला. यातून निरुपद्रवी गाठीही नाहक उकरल्या जातील, ही टीका रास्त आहे आणि तिचं उत्तर अजून यायचं आहे.

आपल्यासाठी अडचण निराळी आहे. ही लाळ युरोपीय वंशाच्या पुरुषांची होती. 269 जागा ठरवणाऱ्या 2021च्या अभ्यासात युरोपीय, आफ्रिकी, पूर्व आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार गट होते. दक्षिण आशियाई गट त्यांत नव्हता. एचओएक्सबी13मधला 84व्या जागेचा तो बदलही उत्तर युरोपातला. म्हणजे सातारच्या किंवा नागपूरच्या पुरुषाचा धोका या यंत्रांनी मोजला तर येणारा आकडा दुसऱ्या कुणाचा तरी असेल. बीआरसीए2चं तसं नाही. त्यातले बिघाड सगळ्या समाजांत आढळतात, आपल्याही. म्हणून कॅन्सर आनुवंशिकीच्या ओपीडीत आजही पहिलं काम असतं कागदावर तीन पिढ्या काढण्याचं, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर ते भरून काळं. आपले कुलवृत्तांत मुलांच्या वंशाने पुढे जातात. लेक सासरी गेली की तिची शाखा बहुधा तिथेच थांबते, आणि मावशीचा तर त्यात उल्लेखही नसतो. या आजारासाठी नेमकी तीच वर्तुळं लागतात: आईला, तिच्या बहिणींना, आत्याला, आजीला स्तनाचा, अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता का, आणि झाला असेल तर कितव्या वर्षी.